लूमवर विणता? मग "हे काय खरं विणकाम नाही" वाल्यांना असं सांभाळा

चार विणणाऱ्यांमधे बसून गोल लूम (खुंट्या लावलेलं कडं, त्यावर हुकने लोकर विणतात) बाहेर काढला की कोणीतरी म्हणतंच, "अगं हे तर लहान मुलांचं." मी सुयांवर विणते, क्रोशेही करते, तेव्हा कोणी काही बोलत नाही, लूम दिसला की मात्र नाकं मुरडायला सुरुवात. तर काय करायचं ते सांगते.

आधी वाद नको, आधी आपलं विणलेलं उजेडासमोर धरून बघा. कारण टोमण्यातला थोडा भाग खरा असतो, लूमच्या पुष्कळ टोप्या विरविरीत असतात, आरपार दिसतं. पण तो दोष लूमचा नाही, खुंट्यांमधलं अंतर आणि लोकरीची जाडी जुळलेली नसते. सेटमधे येतात ते 24, 31, 36, 41 खुंट्यांचे गोल लूम, त्यात दोन खुंट्यांमधे साधारण दीड ते दोन सेंटीमीटर अंतर असतं, त्यावर मध्यम जाडीची एकपदरी लोकर लावली की जाळीच होणार ना! दोन पदर एकत्र घ्या नाहीतर सरळ जाड लोकर घ्या. आणि बारीक लोकरच वापरायची असेल तर बारीक गेजचा लूम, एक सेंटीमीटरहून कमी अंतराचा, वेळ खूप लागतो हे आधीच सांगून ठेवते.

दुसरं म्हणजे ई-रॅपमधून बाहेर पडा. सगळे पहिल्यांदा तेच शिकतात, खुंटीला लोकरीचा वेढा द्यायचा आणि खालचा फास हुकने वरून काढायचा. सोपं आहे पण त्यात प्रत्येक टाका पिळलेला येतो, आणि सुया चालवणाऱ्या बाईला तो लांबूनच कळतो. त्याऐवजी लोकर खुंटीच्या समोरून, फासाच्या वर नुसती आडवी धरा आणि खालचा फास त्यावरून काढा, हा फ्लॅट टाका, न पिळलेला आणि घट्ट. जास्तच घट्ट होत असेल (माझा होतो, हुक आतच जात नाही) तर लोकर खुंटीभोवती यू सारखी अर्धी फिरवून घ्या, मग सैलसर आणि सुईसारखाच दिसणारा सुलट टाका मिळतो. उलट टाक्याला लोकर फासाच्या खाली धरायची, हुक फासातून वरून खाली घालून लोकरीचा नवा फास वर ओढायचा, जुना काढायचा, नवा खुंटीवर अडकवायचा. सुरुवातीला वैताग येतो पण हा आला नाही तर रिब (सुलट-उलट टाक्यांच्या उभ्या पट्ट्या) नाही आणि रिब नाही तर टोपीची कड गुंडाळत राहणार.

रिब करताना खुंट्या मोजा बरं का. दोन सुलट दोन उलट करायचं तर आकड्याला चारने भाग जायला हवा, म्हणजे 24 आणि 36 चालतात. 31 आणि 41 ला तर कशानेच भाग जात नाही, हे आकडे कोणी ठरवले देव जाणे.

आता "यात डोकं लागत नाही" म्हणणाऱ्यांसाठी. सुयांचा नमुना लूमवर सपाट, म्हणजे गोल न फिरता पुढे-मागे, विणायला घ्या म्हणजे कळेल. लूमवर कापड उलटवायचं नसतं, सुलट बाजू कायम समोर, त्यामुळे सुयांच्या नमुन्यातली मागच्या बाजूने विणायची प्रत्येक ओळ मनातल्या मनात फिरवावी लागते, तिथे सुलट असेल तर इथे उलट, आणि ओळ शेवटाकडून वाचायची. सुयांवर गार्टर म्हणजे सगळ्या ओळी सुलट, लूमवर तेच गार्टर एक ओळ सुलट एक ओळ उलट. करा म्हणावं गप्पा मारत.

"हे विणकामच नाही, हा तर माग" असंही ऐकावं लागतं. हा गोंधळ आपल्या भाषेतही आहे, कापडही विणतात आणि स्वेटरही विणतात. पण मागावर उभे आडवे धागे एकमेकांतून जातात, इथे फासातून फास. शेवटचा टाका सोडून ओढा, सगळं एकाच धाग्यात उसवतं, सुयांवरचं उसवतं अगदी तसंच. आणि चौकटीवर विणलेलं खोटं म्हणायचं तर 1589 मधे इंग्लंडमधे विल्यम लीने मोजे विणायची चौकट केली तेव्हापासूनचे यंत्रावरचे सगळे मोजे खोटे, टोमणा मारणारीच्या अंगातला टीशर्टसुद्धा, तोही यंत्राने विणलेलाच असतो की.

हे सगळं प्रत्येकीला सांगत बसू नका. ज्यांचे सांधे दुखतात, बोटं वळत नाहीत, त्यांना लूमवर सुया तोलून धराव्या लागत नाहीत, टाके आपापल्या खुंटीवर बसलेले असतात, त्यामुळे बऱ्याच जणींचं सुटलेलं विणकाम परत सुरू होतं. पण म्हणून "हाताला त्रास आहे गं" असं कारण द्यायचीही गरज नाही, आवडतं म्हणून विणते एवढं पुरे. कोणी खरंच कुतूहलाने विचारलं तर 24 चा लूम, जाड लोकर आणि हुक तिच्या हातात द्या, आणि पहिली ओळ फ्लॅटने करू देऊ नका, हुक अडकला की लगेच म्हणेल बघ, म्हटलं नव्हतं.