सोसायटीत हवेचा मीटर बसवताय? या चुका टाळा

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीने वर्गणी काढून पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, मोजणारा एक छोटा मीटर घेतला. कारण होतं आमच्याच इमारतीतली दोन दम्याची मुलं. दिवाळी उलटून महिना झाला तरी त्यांचं नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) टेबलावरून हललं नव्हतं. मीटर आला, भिंतीवर लागला, पण पहिले दोन महिने आमच्या हाती काहीच लागलं नाही, कारण तो वापरायचा कसा हेच आम्हाला कळलेलं नव्हतं. पुण्या-मुंबईकडे आता बऱ्याच सोसायट्या असे मीटर घेतायत, म्हणून आमच्या चुका सांगतो.

प्लग जिथे, मीटर तिथे

आम्ही तो एका गॅलरीत लावला, कारण तिथे प्लग होता आणि वायफाय पोहोचत होतं. रोज सकाळी नऊला आणि रात्री आठला आकडा एकदम चढायचा. आठवड्याने लक्षात आलं की दोन हातांवर शेजारच्या स्वयंपाकघरातल्या चिमणीचा पाइप बाहेर निघतो. आम्ही रस्त्याची हवा नव्हे, फोडणीचा धूर मोजत होतो. देवघराची खिडकी, जनरेटर, पार्किंगचा उतार आणि एसीचं बाहेरचं युनिट यांच्यापासून मीटर लांब हवा. पाऊस थेट लागू नये, पण वारा मोकळा खेळला पाहिजे. गच्चीवरही नको. मुलं खेळतात ती खाली, तिथली हवा कळायला हवी.

एक्यूआय आणि मायक्रोग्रॅम यांची गल्लत

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात. मीटर दाखवतो ते एका घनमीटर हवेतल्या कणांचं वजन, मायक्रोग्रॅममध्ये. एक्यूआय हा त्यावरून काढलेला हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, आणि तो प्रत्येक देशाचा वेगळा. पीएम २.५ साठ मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या पद्धतीने एक्यूआय १०० येतो, म्हणजे ‘समाधानकारक’. अमेरिकी पद्धतीने तीच हवा १५० च्या वर जाते, म्हणजे ‘आरोग्यास अपायकारक’. बरीच परदेशी अ‍ॅप्स अमेरिकी आकडा दाखवतात, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ भारतीय. ग्रुपवर आकडा टाकताना तो कुठला ते लिहायची सवय लावा.

भारताची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. माझं मत स्पष्ट आहे: ज्या घरात दम्याचं मूल किंवा हृदयाचा रुग्ण आहे, त्या घराने ‘समाधानकारक’ या शब्दावर विसंबून राहू नये. आणि या दोन्ही मर्यादा दिवसभराच्या सरासरीच्या आहेत. कुणी फटाका लावला त्या मिनिटाचा आकडा त्यांच्याशी ताडून पाहू नका.

धुक्यातला आकडा खरा मानणं

स्वस्त मीटरमध्ये लेझरचा उजेड कणांवरून विखुरतो आणि त्यावरून अंदाज बांधला जातो. हवेत दमटपणा वाढला की कण पाणी शोषून फुगतात आणि मीटर जास्त दाखवतो. सरकारी केंद्रांवर हवा आधी कोरडी करून मोजतात, आपल्याकडे ती सोय नसते. म्हणून पावसाळ्यात आणि दाट धुक्याच्या सकाळी आकडा चढला तर जवळच्या सरकारी केंद्राचा आकडाही पाहा. तो नेहमीसारखाच असेल तर घाबरू नका.

आकडा पाहिला, घड्याळ पाहिलं नाही

आमची सगळ्यात मोठी चूक ही. डिसेंबरात रोज सकाळी आकडा वाईट यायचा आणि आम्ही सगळे हायवेकडे बोट दाखवायचो. शेवटी एका काकूंनी वहीत दर अर्ध्या तासाचा आकडा लिहायला सुरुवात केली. दहा दिवसांत चित्र उघडं पडलं: उडी सव्वासहाला यायची आणि आठला ओसरायची, रविवारीसुद्धा. हायवेची गर्दी तर नऊनंतरची, आणि रविवारी ती जवळजवळ नसते.

मग मी स्वतः सहाला खाली उतरलो. मागच्या कंपाउंडला लागून रात्रपाळीचे वॉचमन शेकोटी करून बसले होते. आदल्या दिवशी झाडून काढलेला पालापाचोळा, खोक्यांचे पुठ्ठे आणि त्यातच दोन-चार प्लास्टिकच्या पिशव्या. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, वर उबदार हवेचं झाकण बसलेलं असतं. धूर वर जातच नाही. तो आमच्या तळमजल्याच्या खिडक्यांतून सरळ आत येत होता, आणि त्यातल्या एका खिडकीमागे दम्याच्या त्या दोन मुलांपैकी एक झोपत होतं.

वॉचमनला ओरडून काही साधलं नसतं. रात्रभर उघड्यावर बसणाऱ्या माणसाला ऊब हवीच. सोसायटीने जाड जॅकेटं, ब्लँकेटं आणि केबिनमध्ये एक छोटा हीटर दिला. पाल्यासाठी मागे खड्डा खणून खत करायला घेतलं. आठवड्याभरात सव्वासहाची उडी वहीतून गेली. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे, हे आम्हाला त्यानंतर कळलं.

म्हणून आकड्यासोबत तीन गोष्टी टिपा: वेळ, वाऱ्याची दिशा आणि त्या वेळी आसपास काय चाललं होतं.

‘प्रदूषण फार आहे’ एवढीच तक्रार

अशा तक्रारीवर कुणालाच काही करता येत नाही. शेजारच्या बांधकामाची धूळ असेल तर तारीख, वेळ आणि फोटो द्या. हिरवं कापड नाही, पाणी मारत नाहीत, डंपर न झाकता येतात, यातलं नेमकं काय ते लिहा. मुंबई महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या नियमांत ७० मीटरहून उंच इमारतीच्या बांधकामाभोवती किमान ३५ फुटी पत्र्याचं कुंपण सांगितलं आहे; तिथे राहत असाल तर नियमाचा उल्लेख करूनच अर्ज द्या. बांधकाम आणि कचरा यांसाठी महापालिकेचं वॉर्ड ऑफिस, कारखान्याच्या धुराड्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. अर्जाची पोच घ्याच.

नको तिथे खर्च

रुमाल किंवा कापडी मास्क पीएम २.५ अडवत नाही. नाकावर घट्ट बसणारा एन-९५ लागतो. कुंडीतल्या झाडांनी खोलीतली हवा शुद्ध होते या भरवशावर राहू नका. एअर प्युरिफायर घ्यायचाच तर हेपा फिल्टरचा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या जाळीचा) घ्या, आणि ज्या खोलीत रुग्ण झोपतो तिथे दार-खिडक्या लावून चालवा. त्याच खोलीत मच्छर कॉइल किंवा धूप पेटत असेल तर आधी तो बंद करा.

खिडक्यांचं आणि फिरण्याचंही वेळापत्रक बदलावं लागतं. थंडीत पहाटे साडेपाचची हवा ताजी असते हा समज आमच्याकडे ज्येष्ठांमध्ये फार पक्का होता. वहीतले आकडे दाखवल्यावर त्यांनी डिसेंबर-जानेवारीपुरता वॉक ऊन चढल्यावर, साडेनऊनंतर ठेवला. घराच्या खिडक्या आता दुपारी बारा ते चार उघड्या असतात आणि पहाटे बंद.