बडतर्फीचा आदेश हाती पडल्यावर: अपील आणि मॅट

बडतर्फीचा आदेश घेऊन शिपाई दारात आला की तो घ्यायलाच नकार द्यावासा वाटतो. तसे करू नका. नकाराची नोंद होते, आदेश बजावला असे धरले जाते आणि तुमच्या हाती प्रतही राहत नाही. आदेश घ्या. पोचेवर सहीखाली तारीख स्वतःच्या अक्षरात लिहा. टपालाने आला असेल तर शिक्क्यासकट पाकीट जपा. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ नुसार अपिलाचे ४५ दिवस प्रत मिळाल्यापासून मोजतात.

ही वाट राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांची. जिल्हा परिषदेला १९६४ चे वेगळे नियम आहेत आणि त्यांची प्रकरणे मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, चालत नाहीत. खासगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांत जावे लागते. चुकीच्या दारात महिने जातात, तेवढ्यात खरी मुदत संपते.

आता आदेशाखालची सही बघा. नेमणूक करणाऱ्या प्राधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने बडतर्फ केले असेल, तर घटनेच्या अनुच्छेद ३११(१) चा भंग होतो. म्हणून नेमणुकीचा मूळ आदेश शोधून शेजारी ठेवा.

मग चौकशीची फाइल. दोषारोपपत्राची चारही जोडपत्रे, रोजनामा (चौकशीच्या दर तारखेची नोंद), साक्षीदारांचे जबाब, चौकशी अहवाल यांतले जे नसेल ते माहिती अधिकारात लगेच मागा, पण उत्तराची वाट पाहत अपील अडवू नका. फाइल वाचताना हे तपासा: जोडपत्र ३ मधली कागदपत्रे खरोखर दाखवली का? जोडपत्र ४ मधले साक्षीदार आले का, उलटतपासणी होऊ दिली का? नुसती कागदपत्रे जोडून, ती सिद्ध करायला एकही साक्षीदार न आणता दोष सिद्ध धरला असेल, तर तो मोठा मुद्दा आहे. शिक्षेआधी अहवालाची प्रत देणे १९९० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून बंधनकारक आहे. मात्र प्रत मिळाली नाही एवढे लिहून भागत नाही. मिळाली असती तर कोणते म्हणणे मांडले असते, ते नेमके सांगावे लागते. बहुतेक अर्ज इथेच लंगडे पडतात.

मॅट पुरावा नव्याने तोलत नाही. ‘मी निर्दोष आहे’ यावर दहा पाने खर्च करण्यापेक्षा प्रक्रिया कोणत्या तारखेला, कुठे मोडली ते एका पानात दाखवा. शिक्षा अतिशय जास्त आहे हा मुद्दाही घ्या, पण एकट्या त्यावर विसंबू नका.

अपील स्वतःच्या नावाने, सगळे मुद्दे एकाच अर्जात, संयत भाषेत लिहा. ते अपील प्राधिकाऱ्याकडे द्या, एक प्रत आदेश काढणाऱ्याला द्या आणि दोन्हीकडची पोच घ्या. अपिलावर निर्णय झाला तर त्या तारखेपासून एक वर्षात मॅटमध्ये मूळ अर्ज करायचा. सहा महिने काहीच उत्तर आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. स्मरणपत्रांनी ही मुदत वाढत नाही. साहेब बघतो म्हणाले या भरवशावर थांबलेल्यांना शेवटी विलंब माफीचा अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईलच असे नाही. मॅट मुंबईत आहे, खंडपीठे नागपूर व छत्रपती संभाजीनगरला. त्यानंतर उच्च न्यायालय. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निकालामुळे थेट तिथे जाता येत नाही.

जिंकल्यावरही प्रकरण बहुधा चूक झाली त्या टप्प्यावरून पुन्हा चौकशीला जाते आणि तोवर तुम्ही निलंबित मानले जाऊ शकता. मागील वेतन हवे असेल, तर बडतर्फीच्या काळात दुसरीकडे कमाई नव्हती हे अर्जातच शपथेवर लिहा. थोडी कमाई झाली असेल तर तीही खरी सांगा. हे वाक्य राहून गेले, तर नोकरी परत मिळूनही त्या वर्षांचा पगार हातचा जाऊ शकतो.