आरएलएससाठी स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर: ट्रायल संध्याकाळी आणि रात्री मोजा

रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, म्हणजे आरएलएस (संध्याकाळी-रात्री पाय हलवत राहण्याची अनावर ओढ लागण्याचा आजार), कोणत्याच गोळीला दाद देईनासा झाला की कधीकधी स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटरचं नाव निघतं. पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या एपिड्युरल जागेत बारीक तारा सरकवतात आणि कातडीखाली बसवलेल्या बॅटरीतून त्यांना सौम्य विद्युत स्पंद देतात. अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी १९६७ मध्ये हे पहिल्यांदा केलं ते असह्य वेदनेसाठी, आणि आजही या यंत्राला मान्यता आहे ती जुनाट वेदनेसाठीच: पाठीच्या ऑपरेशननंतरही न गेलेलं दुखणं, सीआरपीएस (इजेनंतर हातापायात मागे राहणारी तीव्र, चिवट वेदना), मधुमेहामुळे होणारी पायांची आग. आरएलएससाठी ते मान्यताप्राप्त नाही. जो पुरावा आहे तो विखुरलेल्या केस-रिपोर्टचा, आणि त्यातल्या अनेकांना यंत्र मुळात दुखण्यासाठी बसवलं होतं. पायांची वळवळ थांबली हे नंतर लक्षात आलं.

तरीही या उपचाराची एक बाजू भक्कम आहे. बॅटरी कायमची बसवण्याआधी आठवडाभर ट्रायल घेता येते. अडचण अशी की ट्रायल मोजायची नेहमीची पद्धत वेदनेसाठी बनलेली आहे: सकाळी ओपीडीत या, दुखणं किती टक्के कमी झालं ते सांगा. आरएलएसचे पाय सकाळी दहा वाजता बहुधा शांतच असतात. त्यामुळे हे मोजमाप संध्याकाळी आणि रात्री, घरीच करावं लागतं. ते नीट कसं करायचं यावर या लेखात सर्वांत जास्त भर आहे.

ट्रायलची तारीख घेण्याआधी

आधी निदान पक्कं हवं. पाय हलवण्याची अनावर ओढ, बसल्यावर किंवा पडल्यावर ती वाढणं, चाललं की लगेच आराम, आणि संध्याकाळनंतर जोर, ही चारही लक्षणं हवीत. शिवाय पोटरीत गोळा येणं, नसांचा आजार किंवा एकाच स्थितीत अवघडून बसणं यांमुळे ती होत नसल्याची खात्री हवी. चालल्यावर ज्यांचं दुखणं उलट वाढतं त्यांच्या पाठीचा एमआरआय आणि पायांतल्या रक्तप्रवाहाची तपासणी आधी करा. ती तक्रार बहुधा वेगळीच असते.

मग लोह. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती टक्के लोह आहे), दोन्ही सकाळी उपाशीपोटी तपासा. लोहाची गोळी आदल्या दिवसापासून बंद ठेवा. नुकता ताप किंवा जंतुसंसर्ग होऊन गेला असेल तर फेरिटिन फुगलेलं दिसतं, म्हणून एकट्या त्या आकड्यावर जाऊ नका. हिमोग्लोबिन १३ असलं म्हणून लोह पुरेसं आहे असं होत नाही. लॅबच्या कागदावर फेरिटिन ३० 'नॉर्मल' छापून येतं, पण आरएलएसमध्ये प्रति मिलिलिटर ७५ नॅनोग्रॅमपर्यंत किंवा सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह द्यायचं असतं. शिरेतून द्यायच्या लोहात फेरिक कार्बोक्सिमाल्टोजचा पुरावा सर्वांत चांगला आहे. त्याचा परिणाम दिसायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून लोह दिल्यावर १२ आठवडे जाऊ द्या. मधेच ट्रायल घेतली तर गुण लोहाचा की तारेचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही आरएलएसची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर ऑगमेंटेशन, म्हणजे गोळीमुळेच आजार वाढणं, झालं आहे का ते पाहा. त्रास पूर्वी रात्री दहाला सुरू व्हायचा तो आता दुपारी चारला होतो, हातांतही वळवळ जाणवते, डोस वाढवला की चार दिवस बरं आणि मग पहिल्यापेक्षा वाईट, अशी त्याची खूण. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी हळूहळू उतरवून गॅबापेंटिन किंवा प्रिगॅबॅलिनवर यावं लागतं. गोळी बंद झाल्यावरचा पहिला आठवडा-दहा दिवस फार जड जातात. त्या दिवसांत ट्रायल ठेवू नका.

रोज घेतल्या जाणाऱ्या इतर गोळ्यांची यादी करा. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, ॲव्होमिन, स्टेमेटिल, पेरिनॉर्म, मिर्टाझापिन आणि नैराश्यावरची इतर काही औषधं आरएलएस भडकवतात. नैराश्याची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला.

शस्त्रक्रियेशिवायचा एक विद्युत उपाय याच्याही आधी येतो: गुडघ्याखाली पट्टा बांधून पेरोनियल नसेला उच्च वारंवारतेचे स्पंद देणारं यंत्र. अमेरिकेत त्याला २०२३ मध्ये परवानगी मिळाली. ते मिळत असेल तर आधी तेच वापरून पाहणं शहाणपणाचं.

आमच्या मते स्टिम्युलेटरचा विचार सर्वांत रास्त ठरतो तो जुनाट पाठदुखी किंवा पायदुखी आणि आरएलएस दोन्ही असलेल्या माणसासाठी. तिथे वेदनेसाठी यंत्र बसवण्याला स्वतंत्र आधार असतो. नुसत्या आरएलएससाठी बसवायचं तर वरच्या सगळ्या पायऱ्या खरोखर पूर्ण झालेल्या हव्यात.

आधीच्या आठवड्याची वही

ट्रायलच्या आधीचे सात दिवस नोंदी ठेवल्या नाहीत तर तुलना कशाशी करणार? रोज चार गोष्टी लिहा: त्रास किती वाजता सुरू झाला, रात्री कितीदा उठून चालावं लागलं, एकूण झोप किती तास, आणि बसण्याच्या चाचणीचे आकडे.

ही चाचणी अशी करायची. झोपण्याच्या साधारण दीड तास आधी पलंगावर पाठीला टेकू घेऊन पाय लांब करून बसा. ६० मिनिटं पाय मुद्दाम हलवायचे नाहीत, झोपायचं नाही, मोबाइल आणि टीव्ही बंद. दर १० मिनिटांनी त्रास ० ते १० मध्ये लिहा. शेवटपर्यंत बसवलं नाही तर कितव्या मिनिटाला उठलात ते लिहा, तोही आकडाच आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी पुरे. रोज रात्री घरचं कुणी पाय चेपून देत असेल तर ते ट्रायलमध्येही तसंच चालू ठेवा. चहा, जेवणाची वेळ, गोळ्यांचे डोस, काहीही बदलू नका.

आठवड्याच्या शेवटी आरएलएसची आंतरराष्ट्रीय प्रश्नावली भरा. १० प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, एकूण ४०. २१ ते ३० म्हणजे तीव्र, ३१ किंवा जास्त म्हणजे अतितीव्र. ही प्रश्नावली मागच्या सात दिवसांबद्दल विचारते, म्हणून तीन दिवसांच्या ट्रायलमध्ये ती भरताच येत नाही. ७ ते १० दिवसांची ट्रायल मागून घ्या. त्याहून लांबवू नका, कारण तार कातडीबाहेर असते तोवर जंतुसंसर्गाचा धोका दिवसागणिक वाढतो.

तार घालण्याचा दिवस

रक्त पातळ करणारी गोळी कधी बंद करायची हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. क्लोपिडोग्रेल साधारण ७ दिवस, वॉरफॅरिन ५ दिवस आधी थांबवून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) तपासतात. नुकता स्टेंट बसला असेल तर प्रक्रियाच पुढे ढकलावी लागते. साखर आटोक्यात हवी, अंगावर कुठेही गळू किंवा जखम नको.

पालथं पडून तासभर निश्चल राहायचं असतं आणि आरएलएसच्या माणसाला नेमकं तेच जमत नाही. म्हणून सकाळची पहिली केस मागा आणि आरएलएसची गोळी चुकवू नका. भूलतज्ज्ञांना आधीच लिहून द्या: मळमळीसाठी पेरिनॉर्म किंवा स्टेमेटिल नको, ऑन्डान्सेट्रॉन चालेल, ॲलर्जीचं प्रतिबंधक म्हणून एव्हिल नको. ही इंजेक्शनं सवयीने दिली जातात आणि मग पहिली रात्र तळमळत जाते.

कंबरेच्या वरच्या मणक्यांच्या फटीतून, बहुधा एल-१ आणि एल-२ च्या (कंबरेच्या पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याच्या) मधून, १४ गेजची टूही सुई तिरकी घालतात. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत आठ इलेक्ट्रोडांची तार वर सरकवतात. पायांसाठी तिचं टोक साधारण टी-९ ते टी-११ च्या (छातीमागच्या नवव्या ते अकराव्या मणक्याच्या) पातळीवर आणतात, आणि दोन्ही पायांसाठी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना मिळून दोन तारा घालतात. समोरून आणि बाजूने काढलेल्या शेवटच्या एक्स-रेची प्रत मागून घ्या. पुढे तार सरकल्याचा संशय आला की तुलना याच्याशीच होते.

घरी आल्यावर आंघोळ नाही, अंग पुसायचं. ड्रेसिंग स्वतः बदलायचं नाही. वाकणं, कंबर पिळणं, हात डोक्यावर नेणं, उकिडवं बसणं टाळा. या दिवसांत कमोड वापरा. जखम दुखली तर पॅरासिटामॉल. ट्रामाडॉल नको, कारण त्याच्यासारखी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या वर्गातली, औषधं स्वतःच आरएलएस दाबतात. ट्रामाडॉलवर असताना ट्रायल हमखास 'यशस्वी' दिसते आणि कायमच्या ऑपरेशननंतर गोळी थांबली की पाय पुन्हा वळवळू लागतात.

सेटिंग

दोन मुख्य प्रकार आहेत. टॉनिक प्रकारात साधारण ४० ते ६० हर्ट्झ आणि २०० ते ५०० मायक्रोसेकंदांचे स्पंद देतात. पायांत मुंग्या जाणवतात. त्या मांडीपासून पावलापर्यंत, दोन्ही बाजूंना पोहोचायला हव्यात. पोटात किंवा बरगड्यांत जाणवल्या तर इलेक्ट्रोडची जोडी बदलून घ्या. दुसऱ्या प्रकारात १० किलोहर्ट्झ, ३० मायक्रोसेकंद. यात काहीच जाणवत नाही आणि परिणाम दिसायला एक-दोन दिवस जातात. पहिल्या रात्री फरक नाही म्हणून घाबरून सेटिंग बदलू नका.

टॉनिकमध्ये एक गोष्ट प्रोग्रॅम करणाऱ्याला आवर्जून सांगा. उताणं झोपलं की मज्जारज्जू तारांच्या जवळ येतो आणि तोच करंट जास्त जोरात लागतो. उभं राहून बरोबर वाटणारी सेटिंग पलंगावर पडल्या पडल्या झटका देते, माणूस यंत्र बंद करतो आणि नेमकी रात्र विनाउपचार जाते. म्हणून सेटिंग उताणं आणि कुशीवर पडून तपासून घ्या आणि कमी मिलिअँपचा वेगळा रात्रीचा प्रोग्रॅम रिमोटमध्ये ठेवून घ्या.

ट्रायलच्या शेवटच्या भागात एक-दोन संध्याकाळी यंत्र बंद ठेवून तीच बसण्याची चाचणी करा. आरएलएसच्या औषधचाचण्यांत नुसत्या साखरगोळीनेही मोठा गुण दिसतो. आशेच्या भरात यंत्राचंही तसंच होऊ शकतं. बंद केल्यावर आकडे पुन्हा वर गेले तर फरक खरा असण्याची शक्यता वाढते.

आरएलएससाठी यशाची सर्वमान्य रेषा नाही. वेदनेत ५० टक्के घट ही रूढ अट आहे. आम्ही इथेही तेवढीच कडक अट सुचवू: प्रश्नावलीचे गुण निम्म्यावर आले, उठून चालण्याच्या फेऱ्या निम्म्या झाल्या आणि झोप वाढली, तरच पुढे जा. 'थोडं बरं वाटतंय' एवढ्यावर लाखोंचं यंत्र अंगात बसवून घेऊ नका.

खर्चाचं आधीच लेखी विचारा: ट्रायलच्या तारा काढून टाकणार की त्याच ठेवणार, पुढे दुरुस्तीच्या ऑपरेशनचा खर्च कोणाचा. विमा कंपनीची पूर्वमंजुरी घेताना निदान काय लिहिलंय ते वाचा. केवळ आरएलएस लिहिलं तर नकार येण्याची शक्यता मोठी.

कायमची बॅटरी बसवताना आणि नंतर

बॅटरी बहुधा नितंबाच्या वरच्या भागात बसवतात. आदल्या दिवशी नेहमीचे कपडे घालून, उभं राहून, खुर्चीत आणि जमिनीवर मांडी घालून बसून जागेवर खूण करून घ्या. परकराची नाडी, पँटचा पट्टा किंवा बाकाची कड नेमकी बॅटरीवर येत असेल तर ती जागा कायम दुखत राहते. चार्ज करायची बॅटरी घेतलीत तर चार्जिंगसाठी बराच वेळ स्थिर बसावं लागतं. ते सकाळी उरका. संध्याकाळी तेवढा वेळ बसवणारच नाही.

पहिले सहा ते आठ आठवडे वाकणं, पिळणं, दोन-तीन किलोंपेक्षा जास्त उचलणं बंद. खाली बसून भांडी, कपडे, फरशी, सगळं. याच काळात तारेभोवती घट्ट ऊती तयार होते. ती होण्याआधी ओढ बसली की तार सरकते. मुंग्या अचानक दुसरीकडे जाऊ लागल्या किंवा एकाच पायाला लागल्या तर एक्स-रे काढा. एखाद्या इलेक्ट्रोडइतकी सरकली असेल तर नव्या प्रोग्रॅमने भागतं, जास्त सरकली तर पुन्हा ऑपरेशन.

जखमेतून पू, ताप, बॅटरीवर लाली दिसली तर त्याच दिवशी दाखवा. उठून बसल्यावर डोकं फार दुखणं आणि आडवं झाल्यावर थांबणं ही मज्जारज्जूच्या आवरणाला भोक पडल्याची खूण. पाय लुळे पडणं, पाठीत एकाएकी जबर कळ, लघवी अडणं, यांपैकी काहीही झालं तर रात्र असली तरी थांबू नका. कण्यात रक्त साठलं असेल तर काही तासांतच ते काढावं लागतं.

यंत्राचं ओळखपत्र पाकिटात ठेवा आणि एमआरआयच्या आधी मॉडेल दाखवून विचारा, कारण काही मॉडेल ठरावीक अटींवरच चालतात. फिजिओथेरपीला गेलात तर डायथर्मीचा (विद्युतलहरींनी खोलवर दिला जाणारा) शेक कधीही, शरीराच्या कोणत्याही भागावर, घेऊ नका. त्याची ऊर्जा तारांत उतरून आतली ऊती भाजते, यंत्र बंद असलं तरीही.