‘वॉरंटीत बसत नाही’ असे उत्तर मिळाल्यावर या चुका टाळा

इंदूरच्या जेल रोडवरून किंवा एखाद्या संकेतस्थळावरून घेतलेला फोन वर्षाच्या आत बंद पडतो, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला कर्मचारी तो उघडून पाहतो आणि ‘हे वॉरंटीत बसत नाही, खर्च लागेल’ असे सांगून मोकळा होतो. अशा वेळी बहुतेक ग्राहक काउंटरवर वाद घालतात, चिडतात आणि रिकाम्या हाताने परत येतात. माझ्या मते खरे नुकसान इथेच होते, कारण पुढे ग्राहक आयोगासमोर उभे राहायची वेळ आली तर तोंडी झालेल्या बोलण्यातले काहीही दाखवता येत नाही.

नकार लेखी घ्यावा, ही या प्रकरणातली पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट आहे. फोन जमा करताना जी जॉबशीट मिळते, ती पावती समजून खिशात घालू नये. तीच पुढच्या दाव्याचा पाया असते. तिच्यावर तारीख, फोनची ओळख पटवणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक, बिघाडाचे नेमके वर्णन आणि जमा करतानाची फोनची बाह्य स्थिती असायला हवी. ‘फोन चालत नाही’ एवढ्यावर समाधान न मानता ‘अपडेटनंतर पडद्यावर उभी हिरवी रेघ आली’ किंवा ‘चार्जिंगला लावल्यावर तापतो आणि आपोआप बंद होतो’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. सही करण्याआधी खाली छापलेल्या किंवा खूण केलेल्या नोंदी वाचाव्यात, कारण ‘फिजिकल डॅमेज’ किंवा ‘लिक्विड डॅमेज’ अशी खूण फोन उघडण्याआधीच झालेली असेल आणि तिच्याखाली आपली सही असेल, तर नंतर ती नाकारणे फार अवघड जाते. नकाराचे कारण लिहून द्यायला कर्मचारी तयार नसेल, तर हुज्जत घालत बसू नये. त्याच दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवा पत्त्यावर ईमेल पाठवावा, त्यात जॉबशीटचा क्रमांक आणि आपल्याला तोंडी सांगितलेले कारण नोंदवावे आणि ‘यात काही चूक असल्यास लेखी कळवावे’ असे एक वाक्य जोडावे. उत्तर आले तर लेखी नकार हाती येतो. आले नाही तरी आपण त्याच दिवशी विचारणा केली होती, हे सिद्ध होते.

सर्वाधिक वाद पाण्यावरून होतात. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळणाऱ्या मिरवणुकीत, राजवाड्यापाशी जाऊन आलेल्याने फोन भिजला होता हे लपवून दावा करू नये. ते अप्रामाणिक तर आहेच, शिवाय फोन उघडला की टिकतही नाही. मात्र पाणी लागलेच नसताना तसा शेरा मारला गेला असेल, तर तो निमूटपणे मान्य करू नये. बहुतेक फोनमध्ये सिमच्या खाचेत किंवा आत मदरबोर्डजवळ एक लहान पांढरी पट्टी असते आणि पाण्याचा स्पर्श झाला की ती लाल किंवा गुलाबी होते. पाणी कधी लागले आणि आत्ताचा बिघाड त्यामुळेच झाला का, हे ती पट्टी सांगत नाही. म्हणून तिचा आणि आतल्या गंजाचा फोटो मागावा, तसेच कोणता भाग कशामुळे निकामी झाला हे लिहून मागावे. कानाजवळचा स्पीकर बिघडला असेल आणि गंज चार्जिंगच्या खाचेत दाखवला जात असेल, तर ही विसंगती लेखी तक्रारीत नेमकी मांडता येते. ‘फोन जलरोधक म्हणून विकला होता’ एवढ्याच मुद्द्यावर मात्र विसंबू नये. आयपी ६७ किंवा ६८ हे मानांकन ठरावीक परिस्थितीतल्या चाचणीचे असते आणि पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीतून वगळल्याचे कंपन्या आपल्या अटींमध्ये सहसा लिहून ठेवतात.

नकार मिळाल्यावर रागाच्या भरात बाजारातल्या कारागिराकडून फोन उघडून घेणे ही दुसरी मोठी चूक आहे. तो कारागीर कितीही हुशार असला, तरी फोन एकदा बाहेर उघडला गेला की कंपनीला वॉरंटी नाकारायला नवे आणि भक्कम कारण मिळते. त्याहून वाईट म्हणजे मूळ दोषाचा पुरावा नष्ट होतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ नुसार, तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि त्याचे शुल्क तक्रारदाराला आधी भरावे लागू शकते. तपासायला मूळ अवस्थेतला फोनच उरला नसेल, तर ही तरतूद आपल्या उपयोगाची राहत नाही. फोनशिवाय काम अडते हे खरे आहे, तरीही घरातला एखादा जुना फोन काही दिवस वापरावा आणि बिघडलेला तसाच ठेवावा.

फोन जमा करण्याआधी तो जेवढा चालतो तेवढ्या अवस्थेत त्याचा सलग व्हिडिओ दुसऱ्या फोनने काढावा. त्यात *#०६# दाबल्यावर दिसणारा आयएमईआय आणि बिघाड या दोन्ही गोष्टी न थांबता आल्या पाहिजेत. फॅक्टरी रीसेट करायला सांगितले, तर तो व्हिडिओ आणि माहितीची प्रत हाती आल्यावरच करावा. पासवर्ड कागदावर लिहून देऊ नये.

बिलाबाबतचा निष्काळजीपणाही महागात पडतो. कच्च्या चिठ्ठीवर फोन घेऊ नये. पावती न देणे ही कायद्याच्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे पक्के बिल मागण्यात संकोचण्याचे कारण नाही. बिलावरचा आयएमईआय फोनमधल्या क्रमांकाशी दुकानातच ताडून घ्यावा. कधीकधी कंपनीच्या संगणकात वॉरंटी बिलाच्या तारखेऐवजी फोन आधी चालू झाल्याच्या तारखेपासून मोजलेली दिसते. तेव्हा बिल हाच आपला आधार असतो. इंदूरसारख्या व्यापारी शहरात जीएसटीची वजावट मिळावी म्हणून घरातल्या माणसाचा फोनही पेढीच्या नावावर घेण्याची सवय आहे. वाद उभा राहिला की ‘ही खरेदी व्यापारासाठी होती, म्हणून तक्रारदार ग्राहकच नाही’ असा आक्षेप समोरून येऊ शकतो. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी केलेल्या खरेदीला कायद्यात सवलत आहे, पण ते सिद्ध करण्याचा भार कशाला ओढवून घ्यावा? बिल मुलाच्या नावे आणि फोन आईच्या हाती, ही अडचण मात्र खरी अडचण नाही. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहक ठरतो.

तक्रार फक्त दुकानदाराविरुद्ध किंवा फक्त सर्व्हिस सेंटरविरुद्ध करणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे, कारण मग प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. विक्रेता, सर्व्हिस सेंटर आणि उत्पादक कंपनी या तिघांनाही नोटीस द्यावी. खरेदी ऑनलाइन असेल, तर संबंधित व्यासपीठाच्या तक्रार अधिकाऱ्याकडेही लिहावे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते आणि पुष्कळदा तेवढ्यानेच कंपनी हालते. तरीही हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. तिथली तक्रार ‘निकाली’ दाखवली गेली म्हणून आपला हक्क संपत नाही आणि ती चालू आहे म्हणून मुदतही थांबत नाही.

ही मुदत दाव्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि कंपनीशी ईमेलची देवाणघेवाण करता करता ती संपवून बसणारे लोक असतात. वॉरंटी कार्डावर ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायालयात’ असे छापलेले वाचून घाबरू नये; तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाण्याची मुभा कलम ३४ देते. म्हणजे सुदामानगरात राहणाऱ्याला इंदूरच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. तक्रारअर्ज मात्र हिंदीत लिहावा, कारण इथले कामकाज त्या भाषेत चालते. पुरावा म्हणून जोडायचे मराठी संदेश असल्यास सोबत त्यांचे हिंदी भाषांतर द्यावे. नुकसानभरपाईचा आकडा फुगवण्यापेक्षा दुरुस्ती, बदली फोन किंवा पैसे परत, आणि झालेला प्रत्यक्ष खर्च, अशी क्रमवार मागणी केल्यास ती अधिक विश्वासार्ह वाटते.

नोटीस गेल्यावर कंपनीकडून तडजोडीचा फोन येण्याची शक्यता असते. तो आनंदाने घ्यावा, पण ‘पूर्ण समाधान झाले’ अशा कागदावर फोन प्रत्यक्ष तपासण्याआधी सही करू नये. बदली फोन मिळाला तर त्याचा आयएमईआय वेगळा असतो. म्हणून तो नवा आहे की दुरुस्त केलेला, त्यावर किती वॉरंटी शिल्लक आहे आणि कोणत्या क्रमांकाच्या बदल्यात कोणता क्रमांक दिला, हे कंपनीच्या पत्रावर घेऊन मूळ बिलाला जोडून ठेवावे.