सूर्यनिरीक्षणाची साधने वाढवताना : आधी हवा, मग भिंग

छोट्या दुर्बिणीतून सूर्यावरचे डाग पाहण्याची गोडी लागली की वर्षभरातच मन मोठ्या दुर्बिणीकडे धाव घेऊ लागते. पूर्व विदर्भातील खेड्यांतून निरीक्षण करणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे की, पैसे मोजण्यापूर्वी महिनाभर एक वही ठेवावी आणि तीत तारीख, वेळ, जागा, वारा आणि सूर्याची कड किती थरथरत होती एवढे रोज टिपावे. बहुतेकांना आपल्या अस्पष्ट चित्राचा दोष भिंगात नव्हे, तर हवेत सापडेल.

८० मिलिमीटर व्यासाची चांगली दुर्बीण सुमारे दीड विकलेइतका (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तपशील वेगळा दाखवू शकते. दिवसा मात्र तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेमुळे दोन विकलांचा तपशीलही पुष्कळदा पुसला जातो, आणि अशा हवेत १५० मिलिमीटरची दुर्बीण लावली तरी पदरात काही जास्त पडत नाही. सिमेंटचा स्लॅब, टिनाचे छप्पर, डांबरी रस्ता आणि नांगरून उघडी पडलेली काळी जमीन या सर्वांत वाईट जागा. उलट, पाणी आणि हिरवे गवत सावकाश तापतात. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातील बेटावर उभारली गेली ती याच कारणाने, आणि आपल्याकडे तर गावोगावी मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत.

गेल्या हिवाळ्यात मी घराच्या स्लॅबवरून एक मोठा डाग पाहिला, तेव्हा त्याच्या काळ्या गाभ्याभोवतीची करडी झालर ओल्या बोटाने पुसल्यासारखी दिसत होती. तीच दुर्बीण सायकलवर घालून तलावाच्या पाळीवर नेली आणि सूर्य पाण्याच्या बाजूला येईल अशी लावली, तेव्हा त्याच झालरीत गाभ्याकडे जाणाऱ्या केसासारख्या बारीक रेषा मधूनमधून, क्षणभर का होईना, उमटू लागल्या. सूर्य उगवल्यानंतर साधारण दीड-दोन तासांनी तो दाट हवेच्या वर आलेला असतो आणि जमीन अजून तापलेली नसते, म्हणून ही वेळ साधावी.

जागा आणि वेळ बसली की पहिला खर्च फिल्टरवर करावा. फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या तोंडावर, सूर्याच्या बाजूला बसवायचा असतो. आयपीसला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाला, लावायची काळी काच जुन्या दुर्बिणीसोबत आली असेल तर ती फोडून टाकावी, कारण एकवटलेल्या उष्णतेने ती डोळा लावलेला असतानाच तडकू शकते. फिल्टरसाठी फिल्मचे दोन प्रकार मिळतात : ५.० घनतेची फिल्म प्रकाशाचा लाखावा भाग आत सोडते आणि डोळ्यासाठी तीच घ्यावी, ३.८ घनतेची फिल्म त्याच्या सुमारे सोळापट प्रकाश सोडते, म्हणून ती केवळ कॅमेऱ्यासाठी आहे. फिल्म ताणून बसवू नये, थोड्या सुरकुत्या राहिल्या तर चालतात. एकदा वाऱ्याच्या झोताने माझा फिल्टर अर्धा सरकला होता. त्या क्षणी दुर्बिणीशी कोणी नव्हते म्हणून निभावले. तेव्हापासून मी त्याला तीन बाजूंनी चिकटपट्टी लावतो, दर वेळी तो उजेडासमोर धरून भोके तपासतो आणि शोधदुर्बिणीवर टोपी घालतो. हर्शेल प्रिझमने, म्हणजे सूर्याचा बहुतेक प्रकाश बाजूला काढणाऱ्या काचेच्या साधनाने, चित्र फिल्मपेक्षाही खुलते, पण ते भिंगाच्या दुर्बिणीलाच लावावे, आरशाच्या दुर्बिणीला कधीही नाही.

स्टँड डगमगत असेल तर कॅमेऱ्याआधी तो बदलावा. विषुववृत्तीय माउंटचा (आकाशाच्या गतीबरोबर दुर्बीण फिरवणाऱ्या स्टँडचा) अक्ष दिवसा ध्रुवतारा नसतानाही होकायंत्राने उत्तरेला वळवून आणि गावाच्या अक्षांशाइतका, म्हणजे विदर्भात सुमारे साडेअठरा ते पावणेबावीस अंशांच्या दरम्यान, उचलून पुरेसा जुळवता येतो.

कॅमेरा कृष्णधवल आणि वेगवान असावा. सेकंदाला पन्नास-शंभर चित्रे घेऊन त्यांतील सर्वांत स्थिर दहा टक्के ऑटोस्टॅकर्टसारख्या मोफत प्रणालीत एकत्र केली की थरथरत्या हवेतूनही तपशील निघतो. कॅमेऱ्याच्या संवेदकाचा (सेन्सरचा) आकार असा ठरवावा : दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (फोकल लेंथला) ११० ने भागले की सूर्यबिंब किती मिलिमीटरचे पडेल ते कळते. ५०० मिलिमीटरला ते साडेचार मिलिमीटर येते, आणि संवेदकाची आखूड बाजू त्याहून मोठी असेल तरच पूर्ण सूर्य एका चौकटीत बसतो. लॅपटॉपसाठी आतून काळे फासलेले खोके सोबत ठेवावे, नाहीतर उन्हात पडद्यावर फोकस दिसतच नाही.

हायड्रोजन-अल्फाची दुर्बीण सर्वांत शेवटी घ्यावी, कारण ती साध्या दुर्बिणीच्या कितीतरी पट महाग असते. ती ६५६.२८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशाचा अगदी अरुंद पट्टाच आत सोडते आणि कडेवरच्या ज्वाला व बिंबावरचे काळे तंतू दाखवते. पट्टा ०.७ अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आसपास रुंद असला तर दोन्ही दिसते; ०.५ वर बिंबाचा तपशील अधिक उठून येतो. या प्रकाशात रंगीत कॅमेऱ्याचे जेमतेम चतुर्थांश घटक काम करतात, म्हणून कृष्णधवल कॅमेरा आधीच घेतलेला असणे इथे कामी येते. चित्रात समकेंद्री पट्टे उमटले तर कॅमेरा किंचित तिरका करणारा अडॅप्टर लावावा. तापमान बदलले की या पट्ट्याची जुळणीही सरकते, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी सातला लावलेली जुळणी नऊ वाजता पुन्हा तपासावी.