एका नॉबात धुकं: मूड बदलणारा मॅक्रो कसा बांधावा

संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच नॉबला फिल्टर, रिव्हर्ब (आवाजाचं घुमणं), डिले (आवाजाची पुनरावृत्ती) आणि सॅच्युरेशन (आवाजाला किंचित विकृत, गडद करणारा इफेक्ट) जोडा, सगळ्यांची रेंज शून्य ते शंभर ठेवा आणि फिरवा, हा सल्ला तुम्ही कित्येक व्हिडिओंत ऐकला असेल. तो साफ चुकीचा आहे. असा नॉब शून्यावर चांगला वाजतो, शंभरवर पहिल्यांदा ऐकताना भारी वाटतो आणि मधे कुठेही थांबवला की चिखल. गाणं मात्र मधेच घडत असतं. पॅड (लांब, मऊ सुरांचा थर) हळूहळू मागे सरकतो, आवाजाचा एखादा तुकडा धूसर होतो, ब्रेकडाउनमध्ये सगळंच लांब गेल्यासारखं वाटतं. या जागा शंभरवर नसतात, 20 ते 75 च्या पट्ट्यात असतात. नॉब बांधायचा तो याच पट्ट्यासाठी.

खाली मी एकच नॉब पूर्ण बांधून दाखवतोय. त्याचं नाव ‘धुकं’. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. एबलटन लाइव्हमध्ये अनेक सेटिंग एकदम फिरवणाऱ्या अशा नॉबला मॅक्रो म्हणतात; रॅकला (इफेक्टच्या संचाला) पूर्वी आठ मॅक्रो मिळायचे, लाइव्ह 11 पासून सोळापर्यंत मिळतात. मिळतात म्हणून सोळाही भरू नका. एक नीट बांधा.

आधी एक वाक्य लिहा

नॉब काय करतो ते एका वाक्यात कागदावर उतरवा. माझं वाक्य: ‘आवाज माझ्यापासून लांब जातो.’ बस. वाक्यात ‘आणि’ आला की समजायचं, दोन नॉब लागणार. ‘आवाज लांब जातो आणि टेपसारखा डुलतो’ हे दोन नॉब आहेत. डुलणं मी कायम वेगळं ठेवतो, कारण सुराची हालचाल कानाला लगेच कळते आणि तिच्यापुढे बाकी सगळं झाकलं जातं. रेकॉर्डची खरखरही इथे नको. वाद्य थांबलं तरी ती मागे वाजत राहते.

साखळी

आधी सॅच्युरेशन, मग लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता कापणारा), तिथून सेंड (रिव्हर्बकडे जाणारा आवाज) आणि शेवटी मूळ आवाजाचा गेन (पातळी). सॅच्युरेशन फिल्टरच्या आधीच हवं. त्याने तयार झालेले वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) फिल्टर कापतो. उलट लावलंत तर गडद केलेल्या आवाजावर पुन्हा चकाकी चढते.

सेंड फिरवा, रिटर्न नाही

हे दोन मिनिटांचं काम आहे, पण चुकलं तर पुढची मेहनत वाया जाते. रिव्हर्बचा रिटर्न (रिव्हर्बमधून परत येणारा आवाज) नॉबला जोडलात तर नॉब खाली आणल्याबरोबर शेपूट कापली जाते. सेंड जोडलात तर नवा आवाज जायचा थांबतो आणि आधीचा आपल्या गतीने विरतो. उदास संगीतात हा विरणारा भागच बहुतेक वेळा सगळ्यांत सुंदर असतो. इफेक्ट चालू-बंद करायचं बटण तर नॉबला कधीच जोडू नका, टक् असा आवाज येतो.

रिव्हर्ब दोन घ्या, एक नको. चालू रिव्हर्बचा प्री-डिले (थेट आवाज आणि घुमणं यांतली फट) किंवा साइझ फिरवला की बरेच प्लगिन कडकड करतात किंवा सूर सरकवतात. म्हणून दोन्ही रिव्हर्ब स्थिर ठेवायचे, एक जवळचा आणि एक लांबचा, आणि नॉबने फक्त कुठल्यात किती आवाज जातो ते बदलायचं. जवळच्याला प्री-डिले 40 मिलिसेकंद आणि डिके (घुमणं विरायला लागणारा वेळ) 1.2 सेकंद. लांबच्याला प्री-डिले 5 मिलिसेकंद आणि डिके 4.5 सेकंद.

आकडे उलटे वाटतील. ‘मोठी जागा म्हणजे मोठा प्री-डिले’ असं सरसकट सांगितलं जातं, पण अंतराच्या बाबतीत ते दिशाभूल करतं. माणूस तुमच्या अगदी जवळ उभा राहून बोलला तर त्याचा थेट आवाज आधी पोचतो आणि भिंतीवरून परतलेला बराच नंतर. तोच माणूस दालनाच्या पार टोकाला गेला की दोन्ही जवळजवळ बरोबरच पोचतात. म्हणजे लांब जाताना ही फट कमी होते. धुकं वाढवताना प्री-डिले वाढवलात, तर शेपूट मागे जाते आणि आवाज पुढेच उभा राहतो.

अवघड भाग: मधला पट्टा

इथे मी अनेक महिने अडकलो होतो. टोकं जमायची, मधला भाग जमायचा नाही. दर वेळी वाटायचं, आणखी एक इफेक्ट हवा. तो घातला की मधला भाग आणखी बिघडायचा. दोष इफेक्टमध्ये नव्हताच. प्रत्येक पॅरामीटर कानाला वेगळ्या चालीने बदलताना ऐकू येतो आणि मी सगळ्यांना एकाच सरळ रेषेवर चालवत होतो.

फिल्टरपासून सुरू करू. कटऑफ (ज्या वारंवारतेच्या वरचं फिल्टर कापतो ती) 18000 हर्ट्झपासून 900 पर्यंत आणायचा आहे. सरळ रेषेत आणलात तर नॉबच्या मध्यावर कटऑफ 9450 वर असतो, म्हणजे अर्धा नॉब फिरूनही पॅडमध्ये फारसं काही बदललेलं नसतं. मग शेवटच्या थोड्याशा फेऱ्यात सगळा काळोख एकदम कोसळतो. कान वारंवारता पटीत मोजतो, म्हणून पायऱ्याही पटीत हव्यात: 18000, 8500, 4025, 1900, 900. नॉबच्या प्रत्येक चतुर्थांशाला एक ऑक्टेव्हपेक्षा (वारंवारतेच्या दुपटीपेक्षा) थोडं जास्त. बहुतेक फिल्टर प्लगिनचा स्वतःचा नॉब आधीच असा चालतो, तेव्हा नॉबला नॉब जोडलात तर काम झालंच. मॉड्युलर वातावरणात किंवा कोडमध्ये हर्ट्झचा आकडा थेट चालवत असाल तर वक्र तुम्हालाच द्यावा लागेल.

फिल्टर कधीही ड्राय-वेट करून, म्हणजे मूळ आवाजाबरोबर, मिसळू नका. फिल्टरमधून गेलेल्या आवाजाचा फेज (लहरीची वेळ) सरकलेला असतो. तो मूळ आवाजात मिसळला की काही वारंवारता एकमेकींना खातात आणि नेमक्या मध्यावर आवाज पोकळ होतो. कटऑफच फिरवा.

आता डिले. या नॉबमध्ये तो घेतलाच पाहिजे असं नाही, पण बरेच जण घेतात आणि बहुतेक नॉब तिथेच फसतात. फीडबॅक (डिलेत पुन्हा परत जाणारा भाग) 50 टक्के म्हणजे प्रत्येक पुनरावृत्ती 6 डेसिबलने खाली. आवाज 60 डेसिबल उतरायला दहा पुनरावृत्त्या लागतात. डिले अर्ध्या सेकंदाचा असेल तर पाच सेकंद. 80 टक्क्यांवर साधारण साडेपंधरा सेकंद. 90 वर 33 सेकंद. 95 वर एक मिनिटाहून जास्त. म्हणजे 0 ते 50 एवढं फिरवून मिळाले पाच सेकंद आणि 90 ते 95 एवढ्याशा हालचालीत अर्धा मिनिट वाढला. असा नॉब हातात येणं शक्यच नाही. शेपूट समान टप्प्यांत दुप्पट होत जावी असं हवं असेल तर फीडबॅकचे आकडे 25, 50, 71, 84 असे घ्या. पाच, दहा, वीस आणि चाळीस पुनरावृत्त्या मिळतात. धुक्यासाठी मी 71 ला थांबतो. 84 पर्यंत गेलं की आधीचा कॉर्ड पुढच्या कॉर्डवर सांडतो आणि उदास वाटण्याऐवजी बेसूर वाटतं.

पुढची गोष्ट मला सर्वांत उशिरा कळली. लांब जाणं म्हणजे रिव्हर्ब वाढवणं नव्हे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की थेट आवाज 6 डेसिबलने उतरतो, पण बंद जागेतला घुमणारा आवाज जवळजवळ तेवढाच राहतो. अंतर आपल्याला कळतं ते या दोघांच्या प्रमाणावरून. म्हणून ‘धुकं’ फिरतं तेव्हा मी मूळ आवाज 12 डेसिबलने खाली नेतो, म्हणजे चौपट अंतर, आणि सेंड गेनच्या आधीच्या जागेवरून घेतो, नाहीतर मूळ आवाजाबरोबर रिव्हर्बही उतरतो. दोन्ही रिव्हर्बची मिळून पातळी जवळजवळ तीच राहते. हे करून पाहिलं त्या दिवशी पहिल्यांदा नॉबच्या मध्यावर मोकळी हवा जाणवली. त्याआधी मी फक्त पाणी ओतत होतो.

दोन रिव्हर्बमधला बदल करताना एक काळजी घ्या. दोघांचे आवाज एकमेकांशी जुळलेले नसतात. सरळ रेषेत अदलाबदल केलीत तर मध्यावर दोघेही 6 डेसिबल खाली असतात आणि एकत्र पातळी 3 डेसिबलने खचते. म्हणून मध्यावर दोघांना 3 डेसिबल खाली ठेवणारा वक्र घ्या. सॉफ्टवेअरमध्ये वक्र मिळत नसेल तर रेंज एकमेकांवर चढवा: लांबचा रिव्हर्ब 15 पासून सुरू, जवळचा 85 ला संपतो. मग कानाने ऐकून मध्यावरचा खड्डा भरा.

सगळं एकदम जागं करू नका, हेही इथेच. माझ्या नॉबवर 0 ते 15 मध्ये फक्त फिल्टर हलतो, तोही जेमतेम. 15 ला लांबचा रिव्हर्ब येतो. मूळ आवाज 25 नंतर उतरू लागतो. सॅच्युरेशन 60 नंतर, कारण दूरचा आवाज फार स्वच्छ राहिला तर खोटा वाटतो. असं केल्याने प्रत्येक थांब्यावर काहीतरी वेगळं ऐकू येतं आणि हात आपोआप हळू फिरतो.

पातळी बरोबर करा, मगच मत द्या

मोठा आवाज कानाला चांगला वाटतो. नॉब फिरवल्यावर पातळी दोन डेसिबलने वाढत असेल तर तुम्हाला इफेक्ट आवडला की नुसता जोर, हे तुम्हालाच कळणार नाही. मी या फसवणुकीत बरेच ट्रॅक घालवले आहेत. एकच आठ बारचा लूप लावा, शॉर्ट-टर्म लाउडनेस मीटर (गेल्या काही सेकंदांची पातळी दाखवणारा) उघडा आणि 0, 25, 50, 75, 100 या पाच जागी आकडा लिहा. शेवटी एक गेन ठेवून तो नॉबने उलटा चालवा, पाचही जागा एका डेसिबलच्या आत येईपर्यंत. सॅच्युरेशनच्या बाबतीत सरळ वजाबाकी चालणार नाही. कमी ड्राइव्हवर (सॅच्युरेशनच्या जोरावर) आवाज जवळजवळ ड्राइव्हइतकाच वाढतो, जास्त ड्राइव्हवर तो दबतो, त्यामुळे भरपाईही वाकलेलीच लागते.

रंग पटला की मगच ठरवा, शंभरवर पातळी थोडी उतरावी का. मी 2 डेसिबल उतरू देतो. त्यासोबत 150 हर्ट्झच्या खाली एक डेसिबल वाढवतो, कारण आवाज हळू झाला की कानाला बास आधी कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये मांडलेल्या वक्रांत हे दिसतं. बेसलाइनवर मात्र हा नॉब लावूच नका. बास धुक्यात गेला की गाण्याच्या पायाखालची जमीन जाते.

डोळे मिटून चाचणी

स्क्रीनकडे पाठ करा. लूप चालू ठेवून नॉब फिरवा, आवडेल तिथे थांबा, मग आकडा बघून लिहा. असं दहा वेळा, मधे विश्रांती घेऊन. माझे पहिल्या नॉबचे बहुतेक आकडे 12 ते 22 मध्ये अडकले होते. याचा अर्थ रेंज फार मोठी आहे आणि उपयोगाचा भाग एका कोपऱ्यात कोंबला गेलाय. तेव्हा प्रत्येक रेंजचे कमाल आकडे खाली आणा, म्हणजे तुमचा आवडता भाग नॉबच्या मध्यावर येईल. ‘पण मग शंभरवर तितकं टोकाचं वाटत नाही’ अशी रुखरुख लागेल. लागू दे. टोकाचं काही हवं असेल तर त्यासाठी वेगळा नॉब बांधा. आकडे 30 ते 80 मध्ये पसरले की रेंज बसली. दोन वेगळ्या आवाजांवर तरी हे करा, एक मऊ पॅड आणि एक टोचणारा प्लक (तार छेडल्यासारखा आखूड आवाज). पॅडवर जमलेला नॉब प्लकवर बऱ्याचदा फसतो, कारण प्लकचा पहिला ठोका धुक्यातून बाहेर येतो. तसं झालं तर सॅच्युरेशन 60 ऐवजी 40 ला जागं करा, ठोका गोल होतो.

हार्डवेअर नॉब

साध्या मिडी कंट्रोलवर 128 पायऱ्या असतात. फिल्टरच्या चार-सव्वाचार ऑक्टेव्हला त्या पुरतात. तरीही लांब, स्थिर सुरावर पायऱ्या ऐकू आल्या तर 30 मिलिसेकंदांच्या आसपास स्मूदिंग (पायऱ्या गुळगुळीत करणं) लावा. त्याहून फार वाढवू नका, हाताला नॉब जड वाटू लागतो.

शेवटी पाचही जागांचे आकडे रॅकच्या नोंदीत लिहा आणि प्रीसेट नव्या नावाने सेव्ह करा. जुन्यावर सेव्ह केलात तर ज्या ट्रॅकमध्ये आधीचा नॉब ऑटोमेट केलाय (आपोआप फिरण्यासाठी त्याची रेघ आखलीय), तिथे पुढे कधीतरी हाच प्रीसेट पुन्हा लोड कराल आणि ऑटोमेशनची रेघ तीच राहून आवाज बदललेला असेल.