धर्मग्रामाचा इतिहास कसा लिहावा

धर्मग्रामाचा (पॅरिशचा) रौप्य, सुवर्ण किंवा शताब्दी महोत्सव जवळ आला की स्मरणिका काढण्याचे ठरते, आणि तिच्यातील इतिहासाचा भाग बहुधा प्रमुख धर्मगुरूंची यादी आणि चर्चच्या इमारतीचे वर्णन यांवर उरकला जातो. या दोन्ही गोष्टी हव्यातच. परंतु कॅनन कायद्याच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, १९८३ च्या संहितेतील ५१५ वे कलम धर्मग्रामाची व्याख्या करताना इमारतीचा उल्लेखही करत नाही, तर स्थिर स्वरूपात स्थापन झालेला आणि धर्मगुरूकडे सोपवलेला श्रद्धावंतांचा समुदाय म्हणजे धर्मग्राम, असे सांगते. ज्याला इतिहास लिहायचा आहे त्याने हा समुदाय कागदांत कोठे सापडतो, हे आधी शोधावे.

पहिला प्रश्न जन्मवर्षाचा असतो आणि तो दिसतो तितका सोपा नसतो. काही कुटुंबे एकत्र येऊन प्रार्थना करू लागली ते एक वर्ष, बाहेरचा धर्मगुरू नियमित मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) अर्पण करू लागला ते दुसरे, प्रार्थनामंदिर उभे राहिले ते तिसरे. त्यानंतर पायाभरणी, चर्चचे आशीर्वचन आणि बिशपांचा स्थापनेचा हुकूम यांच्या तारखाही निराळ्या असतात. धर्मग्राम स्थापन करण्याचा, त्यात बदल करण्याचा किंवा तो बंद करण्याचा अधिकार केवळ धर्मप्रांताच्या (अनेक धर्मग्राम मिळून झालेल्या विभागाच्या) बिशपांना असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने त्या हुकमाची तारीखच निर्णायक ठरते, आणि त्याची प्रत धर्मप्रांताच्या दप्तरातून मागवावी. मात्र समुदाय त्या हुकमाच्या आधीपासून जगत असतो. त्या काळातील स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) नोंदी मूळ धर्मग्रामाच्या वह्यांत असण्याचा संभव मोठा असतो, म्हणून संशोधनाची सुरुवात अनेकदा शेजारच्या चर्चच्या कपाटापासून करावी लागते. यांपैकी कोणतेही एक वर्ष निवडून बाकीची गाळू नयेत. कोणती तारीख कशाची, हे स्पष्ट लिहावे.

नोंदवह्या हा या कामाचा कणा आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहांची वही ठेवण्याचा आणि स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे लिहून ठेवण्याचा नियम केला, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह व मृत्यू यांच्या वह्यांबरोबर कुटुंबवार श्रद्धावंतांची वहीदेखील ठेवण्याचे नमुने घालून दिले. ही पाचवी वही हाती लागली तर इतिहासकाराचे भाग्यच, कारण तिच्यात घराघरातील माणसे दिसतात. स्नानसंस्काराच्या नोंदीचा समासही वाचावा. १९०८ पासून विवाहाची नोंद तेथे करणे सर्वत्र बंधनकारक झाले, त्यामुळे एखादी व्यक्ती लग्नानंतर कोणत्या धर्मग्रामात गेली याचा माग समासात लागतो. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असतात, पण तिथले ठरावीक शब्द आठवडाभरात ओळखीचे होतात. फसगत होते ती महिन्यांच्या संक्षेपात: सात हा आकडा घालून लिहिलेला महिना जुलै नसून सप्टेंबर असतो आणि आठचा ऑक्टोबर, कारण त्या नावांत लॅटिनमधील सात आणि आठ हेच शब्द दडलेले आहेत. वाळवीने वही खाल्ली असली तरी धीर सोडू नये. १९१७ च्या संहितेने संस्कारांच्या वह्यांची नक्कल दरवर्षी बिशपांच्या कार्यालयाकडे पाठवण्यास सांगितले होते, तेव्हा तेथे चौकशी करावी.

वाढ मोजायची असेल तर स्नानसंस्कारांची वर्षवार संख्या काढून दहा-दहा वर्षांची सरासरी घ्यावी, कारण एखाद्या वर्षाचा चढउतार काहीच सांगत नाही. आकडा एकदम घसरलेला दिसला की श्रद्धा आटली असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. त्याआधी त्याच सुमारास धर्मग्रामाचे विभाजन होऊन नवा धर्मग्राम निघाला का, हे पाहावे. विवाहांच्या संख्येवर फार विसंबू नये. जुन्या नियमानुसार विवाह सर्वसाधारणपणे वधूच्या धर्मगुरूसमोर होत असल्याने त्या वहीत वरांच्या गावांचा पसारा कळतो, लोकसंख्या नाही. मृत्यूंच्या वहीत १९१८ च्या आसपासची पाने अवश्य उलटावीत, कारण इन्फ्लुएन्झाच्या साथीची झळ बसली असेल तर ती तेथे दिसेल.

तोंडी आठवणी गोळा करताना त्या पडताळण्याची साधने हाताशी ठेवावीत. चर्च लुर्द मातेच्या नावाने असेल तर ते नाव १८५८ पूर्वीचे असू शकत नाही, कारण फ्रान्समधील लुर्द येथे मरियामातेचे दर्शन झाल्याचे सांगतात ते त्या वर्षी. बालयेशूच्या संत तेरेजा १९२५ साली संत घोषित झाल्या. धर्मग्रामांतून शाखा असलेल्या श्रद्धावंतांच्या संघटनांपैकी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये आणि लीजन ऑफ मेरी १९२१ साली डब्लिनमध्ये सुरू झाली. आजोबांनी १९१० साली लीजनची शाखा काढली असे कोणी सांगितले, तर आजोबा खरे आणि वर्ष चुकीचे, असे समजून पुढे विचारावे. ‘पूर्वी कसे होते’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या बिशपांच्या १९६२-६५ च्या सभेनंतर) लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा सुरू झाली तेव्हा पहिल्या रविवारी गायन कोणी केले, वेदी लोकांकडे तोंड करून मांडली तेव्हा जुन्या वेदीचे काय झाले, असे विचारले की आठवणी उलगडतात. जमीन कोणी दिली, विटा कोणी वाहिल्या, वेदीची फुले आणि झाडलोट कोणाकडे होती, हेही विचारावे. विशेषतः स्त्रियांची कामे लेखी कागदांत क्वचितच उतरतात. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख प्रत्येक टिपणावर असावी.

वह्या बाहेरच्यांच्या हाती पडू नयेत, असे १९८३ च्या संहितेचे ५३५ वे कलम बजावते, म्हणून त्या प्रमुख धर्मगुरूंच्या परवानगीने आणि चर्चच्या कार्यालयातच वाचाव्यात. दत्तकविधान किंवा पालकांच्या विवाहाविषयीचे शेरे छापू नयेत, मग नोंद कितीही जुनी असो. छपाई झाल्यावर टिपणे, तक्ते, छायाचित्रे आणि मुलाखती यांची सूची करून एक संच धर्मग्रामाच्या दप्तरात आणि दुसरा धर्मप्रांताच्या दप्तरात ठेवावा, आणि वाचकांनी कळवलेल्या दुरुस्त्या लिहिण्यासाठी दोन्हींत कोरी पाने जोडावीत.